रंगाचा सडा, रक्ताचा सडा

धंतोलीचा_रंगारी (धागाकर्ता)

आमच्या तालमीत न मिटणारा एक वाद इथे आणून टाकतोय. एकांकिका स्पर्धेसाठी भयनाट्य बसवतोय. शेवटी कुऱ्हाडीने खून आहे आणि मागे भलामोठा पांढरा पडदा. दिग्दर्शकाला त्या पडद्यावर रक्त उडालेलं हवंय. नेपथ्य माझ्याकडे, म्हणून मी विचारलं, कुठून उडणार, किती, कोणत्या उंचीपर्यंत? तर म्हणे, "रक्त काय मोजून उडवतात का बे?"

माझ्या मते मोजूनच उडवतात. हे मी भयपटांच्या आधी चित्रकलेतून शिकलो. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने १९४७ ते १९५० या काळात लाँग आयलंडवरच्या एका कोठारात कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि काडीने, वाळून कडक झालेल्या ब्रशने, कधी थेट डब्यातून घरगुती इनॅमल रंग सोडला. ती चित्रं पाहून लोक अजूनही म्हणतात, डबा लवंडला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं 'ऑटम रिदम' आहे, सव्वापाच मीटर रुंद. डबा लवंडला असता तर एका कोपऱ्यात चिखल झाला असता. तिथे रेघ कुठे बोटभर जाड, कुठे केसाएवढी, मधे मधे कॅनव्हास चक्क कोरा. हात कुठे धावला, कुठे थबकला, मनगट कुठे वळलं, सगळं लागतं.

पडद्यावरचं रक्तही मला असंच वाचता यायला हवं. भिंतीवरचा सपकारा पाहून घाव कुठून आला, किती जोरात आला हे कळलं तर पोटात गोळा येतो. नुसती बादली ओतली तर प्रेक्षक हसतात. शिंतोडा हा होऊन गेलेल्या हालचालीचा माग आहे. माग काढता येत नसेल तर तो धुवायचा डाग.

दोन्हीकडच्या जाणकारांनी बोला. दिग्दर्शक पण वाचून राहिलाय.

---

काळी_मारबत

आमच्या घरच्या पोट्ट्यानं होळीला जिन्यात जे करून ठेवलं त्यातही मले माग लागला, थेट आमच्या दारापर्यंत. घरमालक रंगरंगोटीचे पैसे मागून राहिला. त्याले सांगू का, बाप्पा, हे कोटीचं चित्र आहे, उलट तूच दे?

---

सेमिनरी_हिल्स

हा आक्षेप पोलॉकच्याही फार आधीचा. १८७७ मध्ये जॉन रस्किन या बड्या इंग्रज समीक्षकाने चित्रकार व्हिसलरच्या एका चित्रावर लिहिलं की लोकांच्या तोंडावर रंगाचा डबा फेकायचे हा गृहस्थ दोनशे गिनी मागतो. चित्र होतं काळोख्या आकाशात फुटून खाली येणाऱ्या आतषबाजीचं, ठिपकेच ठिपके. व्हिसलरने अब्रूनुकसानीचा दावा लावला. कोर्टात त्याला विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे? तो म्हणाला, आयुष्यभराच्या जाणकारीचे. १८७८ मध्ये दावा जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खटल्याच्या खर्चाने पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. घरमालकाशी भांडण्याआधी हा हिशेब लक्षात ठेवा.

आता रंगारी, तुमच्याकडे वळतो. पोलॉक तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही. तो मुख्यतः उडवत नव्हता, ओघळवत होता. अंगणात सडा टाकणारी बाई मनगटाला झटका देते आणि पाणी पंख्यासारखं उघडतं, ते उडवणं. पोलॉकचा हात तसा नाही. हान्स नामुथने १९५० मध्ये त्याचं काम चित्रित केलं होतं. २०१९ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या फिल्मवरून हाताचा वेग आणि उंची मोजली, मग प्रयोगशाळेत तसा रंग सोडून पाहिला. घट्ट द्रव उंचावरून हळू सोडला की खाली वेटोळी पडतात. पोलॉकचा वेग आणि उंची बरोबर अशी होती की वेटोळी पडूच नयेत, धार अखंड राहावी. म्हणजे मोजणारा तो होताच, पण थेंबांचा नव्हे, धारेचा माणूस.

ओघळवण्याचं श्रेयही एकट्याचं नाही. जॅनेट सोबेल नावाच्या गृहिणीने त्याच्या आधी हे केलं होतं आणि त्याने ती चित्रं पाहिली होती. १९३६ मध्ये मेक्सिकन चित्रकार सिकेरोसच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यशाळेतही तो होता, तिथे कारखान्यातले रंग ओतून, उडवून प्रयोग चालत.

खरा फेकाफेकीचा कारभार पाहायचा तर जपानचा गुताई हा कलाकारांचा गट बघा, १९५४ चा. शोझो शिमामोतो रंग भरलेल्या बाटल्या कॅनव्हासवर फोडायचा. काझुओ शिरागा दोराला लटकून पायाने रंग सारायचा. पण तुमच्या नाटकाला सगळ्यात जवळची फ्रेंच कलाकार निकी द सँ फाल. १९६१ पासून तिने पांढऱ्या प्लास्टरच्या आत रंगाच्या पिशव्या लपवल्या आणि बंदुकीने गोळ्या झाडल्या. पांढऱ्या पृष्ठभागाला भोक पडतं आणि आतून रंग ओघळतो. चित्र काढणं आणि खून करणं एकाच क्रियेत.

---

सूक्ष्मदर्शी

न्यायसहायक प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त. कला मला कळत नाही. कुऱ्हाड म्हणालात म्हणून लिहितो.

पहिल्या घावाला बहुधा फारसं उडत नाही. उडायला वर रक्त जमलेलं लागतं. दुसरा घाव त्या जमलेल्या रक्तावर बसतो तेव्हा शिंतोडे उठतात. शिवाय हत्यार पुन्हा वर नेलं की पात्यावरून सुटलेले थेंब मारणाऱ्याच्या डोक्यावर, छतावर, मागच्या बाजूला ओळीने पडतात. नाटकवाले पहिल्याच घावाला कारंजं सोडतात आणि मारणारा स्वच्छ राहतो. दोन्ही चूक.

थेंबाच्या आकाराबद्दल. सरळ खाली पडला तर डाग गोल. तिरका आपटला तर लांबट होतो आणि शेपूट जायच्या दिशेला निघतं. डागाची रुंदी भागिले लांबी ही आपटण्याच्या कोनाची साइन, त्रिकोणमितीतली. रुंदी लांबीच्या निम्मी असेल तर कोन ३० अंश. अशा बऱ्याच डागांच्या रेषा मागे ओढल्या की त्या एका जागेजवळ येतात. घाव साधारण तिथे बसलेला असतो.

अमेरिकेत सॅम शेपर्डवरच्या बायकोच्या खुनाच्या खटल्यात न्यायसहायक तज्ज्ञ पॉल कर्क यांनी १९५५ मध्ये खोलीतल्या डागांचं असं वाचन करून प्रतिज्ञापत्र दिलं, तेव्हापासून या विद्येला वजन आलं. वजन जरा जास्तच आलं, हेही सांगतो. तिथल्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात म्हटलं की या विश्लेषणातली अनिश्चितता प्रचंड आहे. एकाच भिंतीवरून दोन जाणकार दोन गोष्टी सांगू शकतात. तेव्हा रंगारीसाहेब, माग लागतो हे खरं, पण मागावर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा प्रश्न.

आणि रंग. रक्त वाळलं की तपकिरी होतं, हिमोग्लोबिनमध्ये बदल होतो. शेवटच्या अंकापर्यंत लालभडक राहणारं रक्त फक्त सिनेमात.

---

धंतोलीचा_रंगारी

काका, हे सोनं आहे. म्हणजे आम्ही पडद्यावर जे काढणार होतो ते मारणाऱ्याच्या मागे हवं, मरणाऱ्याच्या मागे नाही. अख्खी मांडणी फिरवावी लागेल.

@सेमिनरी_हिल्स, धार आणि थेंब हा फरक मान्य. माझा मुद्दा त्याने मोडत नाही, उलट दोन वेगळ्या हालचाली ओळखता येतात असं झालं.

---

ऑरेंज_टॉकीज

काकांबद्दल आदर ठेवून सांगतो, त्यांचं ऐकलंत तर नाटक पडेल.

भयपटातल्या रक्ताने खऱ्या रक्तासारखं वागायचं कंत्राट कधी घेतलंच नव्हतं. हिचकॉकच्या 'सायको'त, १९६० मध्ये, शॉवरखाली वाहतं ते चॉकलेट सिरप. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे लाल असायची गरजच नव्हती. हवा होता तो दाटपणा आणि पांढऱ्या टबावर दिसणारा काळेपणा. म्हणजे तो माणूस चित्रकारासारखा करड्या छटांचा विचार करत होता. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'सांजुरो'च्या शेवटी, १९६२ मध्ये, एका वारात छातीतून जो फवारा उडतो तो कोणत्याही माणसाच्या हृदयाला जमणार नाही. दोन योद्धे बराच वेळ पुतळ्यासारखे उभे, एक हालचाल, आणि फवारा. अर्धा परिणाम त्या आधीच्या निश्चलतेचा आहे.

मग दिग्दर्शक हर्शेल गॉर्डन लुईस. १९६३ चा 'ब्लड फीस्ट', अगदी तुटपुंज्या पैशात केलेला. अभिनय लाकडी, कथा नाही म्हटलं तरी चालेल. पण मोठे स्टुडिओ जे दाखवू शकत नव्हते ते रंगीत दाखवायचं, हा धंद्याचा हिशेब पक्का. रक्तपाताचे चित्रपट ही जात तिथून धरतात, जरी पॅरिसचं ग्राँ गिन्योल थिएटर १८९७ पासून रंगमंचावर तेच विकत होतं. या जातीला 'स्प्लॅटर', म्हणजे शिंतोडे, हे नाव दिलं दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने, आपल्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'बद्दल बोलताना. त्यातलं रक्त पोस्टर कलरसारखं चमकतं. ते करणारा टॉम सॅव्हिनी व्हिएतनाम युद्धात छायाचित्रकार होता, खरं रक्त पाहिलेला माणूस. त्याला तो रंग खटकत होता. रोमेरोला मात्र तो चित्रकथेसारखा भडकपणा आवडला आणि तोच राहिला. मला रोमेरोचं पटतं.

उलटं उदाहरण 'टॅक्सी ड्रायव्हर'चं, १९७६. शेवटच्या गोळीबाराचे रंग मुद्दाम फिके केले, नाहीतर प्रमाणपत्र जड मिळत होतं. रक्त तेवढंच, थेंब तेच, फक्त लाल उतरवलं की मंडळ शांत. म्हणजे सेन्सॉरची तक्रार हिंसेबद्दल होती की रंगाबद्दल? फ्रेंच दिग्दर्शक गोदारला कोणी विचारलं होतं की तुमच्या चित्रपटात रक्त फार, तर तो म्हणाला, रक्त नाही, लाल रंग. रंगारीभाऊ, तुम्ही हालचाल हालचाल करून राहिले आणि रंगाला विसरले.

---

महालची_वाघीण

सगळे पुरुष चित्रकार, पुरुष दिग्दर्शक, एक गृहिणी आणि एक बंदूकवाली. जरा मागे चला.

बायबलमधली ज्युडिथ शत्रूचा सेनापती होलोफर्नेसचं डोकं कापते. कारावाज्योने १५९९ च्या आसपास हे चित्र काढलं. त्यातलं रक्त सरळ लाल फितींसारखं बाहेर येतं आणि त्याची ज्युडिथ अंग चोरून उभी आहे, पांढरा पोशाख स्वच्छ. आर्तेमिसिया जेंतिलेस्कीने हाच प्रसंग दोनदा रंगवला. तिचं फ्लॉरेन्सच्या उफ्फीझीतलं, १६२० च्या सुमाराचं चित्र बघा. रक्ताच्या धारा कमान करून उडतात, कमानीच्या कडेला सुटे थेंब, आणि ते ज्युडिथच्या छातीवर आणि कपड्यांवर पडलेले. नेपल्सच्या आधीच्या चित्रात हा फवारा नाही. मधल्या वर्षांत तिने रक्त कसं उडतं याचा विचार केला, असं दिसतं. ती आणि गॅलिलिओ एकमेकांच्या ओळखीचे होते, म्हणून काही अभ्यासक त्या कमानीचा संबंध फेकलेल्या वस्तूच्या मार्गावरच्या त्याच्या कामाशी लावतात. तो संबंध खरा असो नसो, ज्युडिथच्या बाह्या वर सारलेल्या आहेत आणि दंड ताठलेले आहेत. हे काम जोर लावून करावं लागतं, हे तिला माहीत आहे.

म्हणून सूक्ष्मदर्शी काकांचं "मारणारा स्वच्छ राहतो, हे चूक" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मारणाऱ्याच्या अंगावर रक्त येत नाही तिथे प्रेक्षकाच्याही अंगावर काही येत नाही. आणि आता खरा प्रश्न: तुमच्या एकांकिकेत मरतं कोण? बाईच ना?

---

धंतोलीचा_रंगारी

हो. बायको.

---

महालची_वाघीण

वाटलंच. या जातीच्या निम्म्या चित्रपटांत पांढरा कॅनव्हास म्हणजे बाईचं शरीर असतं. तुमच्या दिग्दर्शकाला पांढऱ्या पडद्याऐवजी नवऱ्याचा पांढरा सदरा वापरायला सांगा.

---

झाडीचा_गडी

मी गडचिरोलीतल्या वडश्याकडचा. दिवाळी झाली का आमच्याकडे मंडया म्हंजे गावच्या जत्रा अन् नाटकं सुरू, रातभर चालते. शामियान्यात शेवटच्या रांगेतल्या मानसाले थेंबबिंब काई दिसत नाई, साईनफाईन तं सोडाच. त्याले दिसते नटाचा हात. आमी हात कोपरापर्यंत लाल करतो अन् नट तो हात एकदाच उजेडात वर नेते. बस. बाया रडाले लागते.

दुसरं असं का थंडी. रातच्या दोन वाजता रक्तासाठी केलेला पाक घट्ट होऊन जाते, त्याचा फुगा फुटला तरी रक्त बाहेरच येत नाई. एकदा आमचा खलनायक मेला अन् रक्त त्याच्या पुढच्या प्रवेशात निघालं. पाक पातळ ठेवा, अन् एन्ट्रीच्या आधी गरम पान्यात पिशवी ठेवा.

---

कोराडी_रोड

पोलॉक, रस्किन चाललंय तर आपल्या गावचा माणूस कुणालाच आठवू नये? अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, हे सगळं अमूर्त वादळ त्यांनी जवळून पाहिलं, आणि काय केलं? रोलर आणि सुरी घेऊन रंगाचे थर चढवले, खरवडले, पुन्हा चढवले. हाताची हालचाल जवळजवळ पुसूनच टाकली. चित्रकार एस. एच. रझाही नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे अमूर्त चित्रकार रॉथकोची चित्रं पाहून हलले. दोघांपैकी कोणीही रंग फेकत सुटलं नाही. रंगारींच्या हिशेबाने माग नाही म्हणजे डाग, मग गायतोंडे डाग का?

---

धंतोलीचा_रंगारी

गायतोंड्यांना यात ओढू नका हो. मी शिंतोड्यांबद्दल बोलतोय, सगळ्या चित्रकलेबद्दल नाही. तिथे हात लपवणं हीच करामत आहे.

---

काळी_मारबत

माझं तर एवढंच म्हणणं, नागपूरकराला भीती दाखवायला रक्त लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबत निघते ना, लहानपणी काकाच्या खांद्यावरून मी तिचं तोंड पाहून ओरडलो होतो. त्या पुतळ्यावर लाल थेंब नसते. "घेऊन जा गे मारबत" म्हणत हजार माणसं ओरडते, ते पुरते. तुमच्या एकांकिकेत गर्दीचा आवाज घ्या, पडदा वाचेल.

---

सेमिनरी_हिल्स

खरं रक्त वापरणारेही झाले, तेही सांगून टाकतो. व्हिएन्नाचा हर्मान निच, २०२२ मध्ये गेला. १९६० पासून तो कापडावर लाल रंग ओतायचा, मग पांढरे झगे घातलेल्या माणसांवर कत्तल केलेल्या जनावरांचं रक्त ओतण्याचे तासन् तास चालणारे विधी करू लागला. त्याची ओतलेली चित्रं मला ताकदीची वाटतात. त्या विधींची छायाचित्रं पाहिल्यावर मात्र मी पुस्तक बंद केलं. तिथे माग काढायला काही उरत नाही, वस्तूच समोर टाकली आहे.

---

ऑरेंज_टॉकीज

निच राहू द्या, कामाचं बोलतो. रक्ताची कृती. मेकअपवाला डिक स्मिथ याचं सूत्र गाजलं: कॉर्न सिरप, लाल आणि थोडा पिवळा खायचा रंग, झिंक ऑक्साइड, आणि फोटो धुताना वापरायचं एक द्रावण. ते शेवटचं विषारी, त्यामुळे नटाच्या तोंडाजवळ अजिबात नको. आपल्याकडे इतवारीत बेकरीचं सामान मिळतं तिथे ग्लुकोज सिरप मिळेल. लाल खायचा रंग, त्यात चिमूट कोको पावडर, म्हणजे बीटच्या हलव्यासारखं गुलाबी दिसणार नाही. कपड्यावरच्या रक्तात दोन थेंब लिक्विड साबण टाकला तर धुवायला सोपं, पण तोंडातलं रक्त वेगळ्या डब्यात करा. आणि तालीम झाल्यावर पुसून घ्या, मुंग्या येतात.

---

धंतोलीचा_रंगारी

दिग्दर्शकाशी बोललो. त्याने धागा वाचला, अर्धा चिडला, अर्धा मानला. आता असं ठरतंय: पहिल्या घावाला काहीच नाही, फक्त आवाज. दुसऱ्या घावाला अंधार. उजेड येतो तेव्हा नवरा पाठमोरा, आणि त्याच्या मागच्या पडद्यावर वर जाणारी थेंबांची एकच ओळ. मग तो वळतो, सदरा आणि कोपरापर्यंत हात. बायको प्रेक्षकांना दिसतच नाही. लाल मात्र भडकच ठेवणार, तिथे मी ऑरेंज_टॉकीजच्या बाजूने.

ओळ आधी रंगवून ठेवायची आणि अंधारात वरचं पांढरं कापड ओढून घ्यायचं. काका, शेपटं वरच्या बाजूला ना?

---

सूक्ष्मदर्शी

पात्यावरून थेंब सुटताना हात वर जात असेल तर हो, वरच्या बाजूला. ओळ थोडी वळणाची ठेवा, खांदा सरळ रेषेत फिरत नाही. खालचे थेंब गोलसर, वर जाताना लांबट होत गेलेले. सगळे सारखे काढू नका.

पण पडदा कसला आहे? कोरं मांजरपाट असेल तर थेंब शोषून पसरेल, कडा फुटेल, लांबी-रुंदी काही राहणार नाही.

---

धंतोलीचा_रंगारी

मांजरपाटच आहे. डिस्टेंपरचे दोन हात देऊन घेतो, मग ड्रॉपरने तुकड्यावर करून बघू. रविवारी तालमीला या, चहा आमच्याकडे.

---

काळी_मारबत

चहासोबत तर्री पोहे असतील तर मीही येतो. पोट्ट्याले घेऊन.